मज्जातंतूंच्या भाषेत बोलणारे प्लॅस्टिक

मज्जातंतूंमधून वीज वाहते, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. पण एका पेशीचा निरोप दुसरीकडे जाताना वाटेत एक अतिसूक्ष्म फट असते आणि ती ओलांडायला बहुतेक ठिकाणी रसायन लागते. हे दाखवून दिले ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात ऑटो लोवी यांनी, १९२१ साली. प्रयोगाची कल्पना त्यांना म्हणे स्वप्नात सुचली. अर्धवट झोपेत कागदावर खरडून ठेवली, पण सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना! पुन्हा रात्री तेच सुचले तेव्हा मात्र ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकांची दोन हृदये घेतली. पहिल्याच्या व्हेगस मज्जातंतूला विजेने चेतवले, ठोके मंदावले. त्या हृदयातले द्रावण दुसऱ्यात घातले, तर तेही मंदावले. त्याला तर कुणी विजेचा स्पर्शही केला नव्हता. निरोप द्रावणातून गेला होता! ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. लोवींना १९३६ साली नोबेल मिळाले. १९३८ मध्ये नाझींनी ज्यू म्हणून त्यांना तुरुंगात टाकले, बक्षिसाचे पैसे उकळले, आणि ते अखेर न्यूयॉर्कला स्थायिक झाले.

निरोप्या सापडला. पण औषध म्हणून त्याला नेमक्या जागी, नेमक्या क्षणी पोचवायचे कसे? गोळी घेतली की औषध अंगभर पसरते.

इथे पॉलिमर उपयोगी पडले. साठच्या दशकात ज्यूडा फोकमन यांना दिसले की काही औषधे सिलिकॉन रबरातून हळूहळू झिरपतात. १९७६ साली त्यांनी आणि रॉबर्ट लँगर यांनी प्रथिनांसारखे मोठे रेणूही पॉलिमरमधून दीर्घकाळ सोडता येतात हे सिद्ध केले. त्याआधी तज्ज्ञांना ते अशक्य वाटे. तरी ही गळतीच होती, नळ नव्हे. हवी तेव्हा बंद करता येत नव्हती.

नळ मिळाला तो दुसऱ्याच वाटेने. १९७७ साली शिराकावा, मॅक्डायर्मिड आणि हीगर यांनी प्लॅस्टिकमधून वीज वाहू शकते हे दाखवले (नोबेल २०००). त्या वाटेवर पुढे स्वीडनमध्ये लिंशॉपिंगचे मॅग्नस बर्गग्रेन आणि कॅरोलिन्स्का संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी २००७ साली 'आयन पंप' बनवला. विजेचा दाब दिला की पॉलिमरच्या पट्टीतून विद्युतभारित कण सरकतात. दाब काढला की थांबतात. सगळ्यात सुंदर गोष्ट ही की द्रव वाहतच नाही, म्हणून नाजूक जागी दाब वाढत नाही.

२००९ साली याच पंपाने गिनीपिगच्या आतल्या कानात ग्लुटामेट पोचवले आणि ऐकण्यातला फरक मोजता आला. कानातले कॉक्लिअर इम्प्लांट आजूबाजूच्या सगळ्याच तंतूंना वीज देते. रसायन मात्र ज्या पेशीला ते ओळखता येते तिलाच चेतवते. माझ्या मते खरा फायदा तिथेच आहे. २०१५ साली उंदरांच्या मज्जारज्जूवर 'गाबा' सोडून वेदनाही कमी करता आली. त्याच वर्षी एका यंत्राने एका बशीतले रसायन ओळखून, पंपाद्वारे दुसऱ्या बशीतल्या पेशींवर अ‍ॅसिटिलकोलीन सोडले. लोवींनी दोन हृदयांमध्ये जे हाताने ओतले होते, तेच!

माणसांच्या नेहमीच्या उपचारात मात्र हा पंप अजून आलेला नाही.