वाशिंदचे स्टेशन आणि पुस्तकांची पेटी

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या उतारूंस वाशिंद हे स्टेशन परिचयाचे आहे. परंतु आगगाडीच्या इतिहासात या लहानशा गावास काही काळ जे महत्त्व होते, ते फार थोड्यांस ठाऊक असते. 1853 साली बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली गाडी पुढल्या वर्षी कल्याणास आणि 1855 च्या ऑक्टोबरात वाशिंदास येऊन पोहोचली. तेथून पुढे आसनगावापर्यंत रूळ जाण्यास 1860 साल उजाडले. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ रूळ वाशिंदासच संपत होते. नाशकाकडे जाणाऱ्याने येथे उतरावे, बैलगाडी पाहावी आणि थळ घाटाची वाट धरावी. त्या काळचे सर्वांत नवे यंत्र या गावाच्या दारात उभे होते.

आता याच मार्गावरील वाचनालयांकडे पाहावे. नाशकाचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, कल्याणचे 1864 चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. नाशकास रुळाचा मागमूस नव्हता तेव्हा तेथे लोक एकत्र बसून वाचीत होते. यंत्र आले म्हणजे त्याच्या पाठोपाठ ग्रंथ येतोच, असा जो एक समज हल्ली पुन्हा बळावला आहे, त्यास हा इतिहास अनुकूल नाही. मग नव्या साधनाने वाचकाचे भले होते ते केव्हा? आमच्या मते, ग्रंथपालाने वाचक कोठे आहे हे आधी पाहिले असेल तेव्हा.

ठाण्याच्या संग्रहालयाचे एक प्रमुख संस्थापक विनायक लक्ष्मण भावे. व्यवसाय मिठाचा, व्यसन जुन्या पोथ्यांचे; पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून त्यांनी मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा पाया घातला. संग्रहालय स्थापन झाले तेव्हा त्यांचे वय अवघे बाविसाच्या आसपास होते. मराठी ग्रंथ नष्ट होऊ नयेत, ते एके ठिकाणी जमावेत, ही त्यांची तळमळ. ती थोरच होती. तथापि संग्रह जेथे असेल तेथे वाचकाने चालत यावे, हे तीत गृहीत होते; आणि शहापूर-मुरबाडकडच्या शेतकऱ्यास ठाणे तेव्हा जवळ नव्हते.

ही अडचण ज्याने प्रथम नीट ओळखली तो राजा मराठी होता, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी 1906 साली आपल्या संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. पण शाळा सुटल्यावर पुस्तक हाती पडले नाही तर शिकलेला मुलगा पुन्हा निरक्षर होतो, हे त्यांच्या ध्यानी आले. अमेरिकेतील ग्रंथालये त्यांनी स्वतः पाहिली होती. 1910 साली त्यांनी तेथून विल्यम बॉर्डन या अनुभवी ग्रंथपालास बोलावून घेतले. बॉर्डन सुमारे तीन वर्षे राहिला. तेवढ्या काळात त्याने मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, एतद्देशीय तरुणांस ग्रंथपालनाचे शिक्षण देण्याचा वर्ग काढला, आणि कटर व ड्यूई यांच्या पद्धतींची सांगड घालून बडोद्यासाठी वर्गीकरणाची निराळी रीत आखली. पण खेड्यांची नाडी ओळखणारा पुरुष दुसराच होता: मोतीभाई अमीन. बॉर्डन येण्यापूर्वीपासून हे गृहस्थ मित्रमंडळे जमवून गावोगाव वाचनालये काढीत होते. परक्या तज्ज्ञाची पद्धत आणि घरच्या माणसाची ओळख यांचा असा मेळ क्वचितच जमतो.

या मेळातून फिरत्या ग्रंथालयाची पेटी निघाली. लाकडी, मजबूत, कुलपाची. आत पंधरा ते तीस पुस्तके. गावातील एखाद्या जबाबदार गृहस्थाने मागणी करावी आणि पेटी रवाना व्हावी. वाहतुकीचा खर्च सरकारचा. ज्यास अक्षरओळख नाही त्याच्यासाठी जादूचा कंदील, इतकेच काय चलच्चित्रपटाचे यंत्रही या खात्याने बाळगले होते. ग्रंथालय खात्याने सिनेमा दाखवावा, हे आजही कित्येकांस चमत्कारिक वाटेल! गावच्या वाचनालयाचा खर्च तीन वाटांचा असे: एक गावकऱ्यांची, एक प्रांत पंचायतीची, एक सरकारची. पहिली वाट भरल्यावाचून उरलेल्या दोन मिळत नसत. पुस्तक फुकट लाभले नाही, म्हणूनच ते गावास आपले वाटले असावे.

आणखी एक गोष्ट विशेष नमूद करण्याजोगी आहे. 1912 साली बडोद्याहून ‘लायब्ररी मिसलेनी’ नावाचे त्रैमासिक निघू लागले. त्यात इंग्रजी व गुजराती यांजबरोबर मराठी भागही असे. एका ग्रंथपालाची युक्ती दुसऱ्याच्या कानी जावी, हा त्याचा हेतू. हे नियतकालिक दहा वर्षेही टिकले नाही. पण ग्रंथपालांनी एकमेकांशी बोलत राहण्याची जी सोय आज जगभर झाली आहे, तिचा आरंभ आपल्याकडे येथे झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. 1931 साली रंगनाथन यांचा पाच नियमांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे पुस्तकांनी भरलेली बैलगाडी खेड्यांतून फिरू लागली. आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची एकट्याच्या चिकाटीने सिद्ध केली. 1967 साली महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा झाला. वाचनालयांची संख्या वाढली, परंतु खेड्यातील ग्रंथपालाचे मानधन सांगताना अजूनही संकोच वाटावा, अशीच स्थिती आहे.

मग संगणक आला. न्यूझीलंडमधील एका लहान ग्रंथालयाने करवून घेतलेली ‘कोहा’ नावाची प्रणाली 2000 साली चालू झाली आणि सर्वांस मोफत खुली करण्यात आली. देशोदेशींचे ग्रंथपाल व जाणकार परस्परांस दुरून प्रश्न विचारीत ती सुधारतात. मराठीची अडचण मात्र निराळी. युनिकोड रुळण्यापूर्वी ज्याने त्याने आपापल्या फॉन्टात सूची केली. यंत्र बदलले की ती अक्षरे निरर्थक चिन्हे होऊन बसत. शिवाय राज्य मराठी विकास संस्थेसारख्या संस्थांनी दुर्मीळ ग्रंथांच्या प्रतिमा घरबसल्या पाहण्याची सोय केली, तरी प्रतिमेतील शब्द यंत्रास शोधता येत नाही. यंत्राकडून ती वाचून घ्यावी, तर जुना ठसा आणि अनुस्वारांची गर्दी पाहून ते चुकते. आणि शुद्ध वाचले तरी 1962 च्या शुद्धलेखनाने शोधणाऱ्यास त्यापूर्वीचा ‘करूं’ सापडत नाही. म्हणून विकिस्रोतावर हौशी मंडळी मूळ पान शेजारी ठेवून एकेक ओळ तपासतात. एकाने तपासलेले दुसऱ्याने पुन्हा पाहावयाचे, अशी तेथील शिस्त आहे. या मंडळींची एकमेकांशी गाठही पडलेली नसते. मोतीभाईंच्या मित्रमंडळाचाच हा अवतार नव्हे काय?

आणि पेटीही गेलेली नाही. नाशकाच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने 2009 साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात आणि काही महिन्यांनी आपसांत बदलल्या जातात. परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंतही त्या पोहोचल्या आहेत.

शहापूर तालुक्यातील तानसा, वैतरणा व भातसा या जलाशयांचे पाणी मुंबईस जाते आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण करतात. ग्रंथांचे असेच काहीसे होते की काय, अशी शंका आम्हांस वरचेवर येते. वाशिंदकडच्या एका पाड्यावरून रोज लोकलने येणारा आमचा एक विद्यार्थी आहे. एक शतकापूर्वीचे वनौषधींवरील पुस्तक तो गाडीत फोनवर वाचीत असे. परंतु पाड्यावर रेंज नाही, आणि आजीस तर पुस्तक मोठ्या अक्षरांत हवे होते. प्रत घरी नेता येईल काय, असे त्याने विचारले. दुर्मीळ प्रत बाहेर जात नाही, हा नियम आम्हांस ठाऊक होता. म्हणून आम्ही त्यास ग्रंथपालबाईंकडे पाठविले. त्यांनी नियम मोडला नाही. आजीस नेमक्या कोणत्या वनस्पतींविषयी ऐकावयाचे आहे ते त्यांनी विचारून घेतले, प्रतिमेतून तेवढी बावीस पाने मोठी करून छापली, दोऱ्याने शिवली, आणि वाचून झाल्यावर आजी काय म्हणाली ते येऊन सांगण्यास बजावले. आठवड्याने तो परतला तो एका कागदावर तीन झाडांची नावे घेऊन. पुस्तकात ती चुकीची छापली आहेत, असे आजीचे म्हणणे होते. बाईंनी तो कागद पुस्तकाच्या नोंदीस जोडून ठेवला आहे.