मुक्यांची वाचा

कोल्हापूरच्या श्रोत्यांना मूकपट म्हणजे काय, हे सांगावयास नको. बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ १९२० साली याच नगरीत निघाला आणि ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली येथूनच मराठीत बोलू लागला. त्यापूर्वी पडद्यावरचे राजे आणि राण्या मुक्याच होत्या. त्यांचे ओठ हलत, मागून अक्षरांची पाटी येई, आणि ज्याला वाचता येई तो शेजाऱ्यास ती वाचून दाखवी. पाटी येईपर्यंत सारे थिएटर थांबत असे. ओठांतून शब्द उमटत नाही म्हणून त्या राजाला काही सांगावयाचेच नाही, असे कोणासही वाटले नाही.

पडद्यावरच्या मुक्याला दिलेली ही सवलत आपल्या दारच्या मुक्याला आपण क्वचितच दिली. १९२० सालीच शाहू छत्रपतींच्या साह्याने डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले, तेव्हापासून मूक समाजाविषयी आपण पुष्कळ बोललो. परंतु ज्याला खरोखरच वाचा नाही, त्याने बोलावे कसे, हा प्रश्न मागेच राहिला. आजचे आमचे बोलणे त्या प्रश्नाविषयी आणि त्याच्या उत्तरादाखल माणसाने शोधलेल्या साधनांविषयी आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘मूकबधिर’ असा जोडशब्द आपल्या तोंडी बसला असल्यामुळे मुका तो बहिरा असणारच, असे आपण धरून चालतो. पुष्कळांच्या बाबतीत ते खरेही असते. जे मूल ऐकत नाही त्यास ऐकून बोलणे शिकता येत नाही. पण ज्याचा कंठ रोगामुळे काढावा लागला, पक्षाघाताने ज्याची वाणी गेली, किंवा मेंदूतील जन्मजात दोषामुळे ज्याची जीभ ताब्यात राहत नाही, तो सर्व काही ऐकतो. आपण त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलतो, तेही तो ऐकतो.

या माणसाचे म्हणणे ऐकावे की नाही, याविषयी आपल्या कायद्याचा इतिहास मोठा विचित्र आहे. स्मृतिकारांनी मुक्याला वारसाहक्कातून वगळले, केवळ अन्नवस्त्राचा अधिकार ठेवला. हिंदू वारशातील ही अडचण बव्हंशी दूर झाली ती १९२८ च्या कायद्याने. मात्र त्याच्याही आधी, १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने म्हटले होते, की ज्याला बोलता येत नाही त्याने भर न्यायालयात लिहून किंवा खुणांनी साक्ष द्यावी, आणि ती साक्ष तोंडी साक्षच समजावी! खूण हीदेखील वाणी होय, हे तत्त्व एवढ्या पूर्वी लेखी मान्य झाले होते. उणीव होती ती साधनांची.

कंठाची गोष्ट घेऊ. व्हिएन्नातील शल्यविशारद बिलरोथ यांनी १८७३ च्या अखेरीस कर्करोगाने ग्रासलेले एका रोग्याचे संपूर्ण स्वरयंत्र काढले, आणि त्यांचे सहायक गुसेनबाउअर यांनी त्याच रोग्यासाठी कृत्रिम स्वरयंत्र बनविले. पुढे १९६० च्या सुमारास अमेरिकेत विजेवर चालणारे, हातात मावणारे कंठयंत्र विक्रीस आले. ते गळ्याला टेकवून कळ दाबावयाची. त्याची थरथर कातडीतून घशात जाते आणि जीभ, दात व ओठ तिला घडवून शब्द करतात. स्वर यंत्राचा, शब्द माणसाचा. निपाणीची तंबाखूपेठ कोल्हापूरहून फारशी दूर नाही, आणि घशाच्या या रोगाचे एक मोठे कारण तंबाखूचा धूर हेच आहे. तेव्हा हे यंत्र आपल्याला परके समजून चालणार नाही.

मराठी माणसाने ते गळ्याला लावले म्हणजे मात्र एक नवी अडचण उभी राहते. यंत्राची गुणगुण सतत चालू असल्यामुळे अघोष आणि सघोष वर्णांतील भेद पुसट होतो. ‘काळ’ म्हटले तरी ‘गाळ’ ऐकू येते, ‘तार’ची ‘दार’ होते. फुप्फुसातील हवा तोंडावाटे येतच नाही. त्यामुळे ‘हात’मधला ‘ह’ हरवून ‘आत’ उरतो. स्वरही एकसुरी असल्याने ‘तो आला’ हे विधान की प्रश्न, ते कळत नाही. बोलणाऱ्याने अशा वेळी ‘का’ जोडावा, आणि ऐकणाऱ्याने संदर्भ धरून ऐकावे, एवढाच उपाय.

ज्यांचे हातपायही चालत नाहीत त्यांच्यासाठी इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे रेज मेलिंग यांनी १९६० च्या सुमारास ‘पॉसम’ नावाचे यंत्र सिद्ध केले. रोग्याने नळीत फुंकर घालावी किंवा हवा ओढावी, की विजेचे टंकयंत्र अक्षर उमटवी. ‘पॉसम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मला जमते’ असा आहे. चार्ल्स ब्लिस यांची कथा याहून निराळी. नाझींच्या छळछावणीतून सुटलेल्या या गृहस्थांनी, राष्ट्राराष्ट्रांतील गैरसमज मिटावेत म्हणून एक चिन्हलिपी रचली व १९४९ साली प्रसिद्ध केली. राष्ट्रांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. परंतु १९७१ साली टोरांटोत वाचा नसलेली मुले त्याच चिन्हांवर बोट किंवा नजर ठेवून आपले मन सांगू लागली!

पुढच्याच वर्षी, १९७२ साली, मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली आणि मेंदूच्या पक्षाघाताने पीडित मुलांसाठी शाळा काढली. त्यांची कन्या मालिनी चिब यांनी पुढे एका बोटाने अक्षरे टंकून आपले आत्मचरित्र लिहिले. १९८५ साली वाचा गमावलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग संगणकाच्या आवाजात जगाशी बोलले, हे तर सर्वश्रुतच आहे. आपल्याकडे चेन्नईच्या अजित नारायणन यांनी ‘आवाज’ हे साधन निर्माण केले. पवईच्या आयआयटीत चित्रांवर बोट ठेवताच बोलणारे ‘जेलो’ तयार झाले, आणि ते मराठीतही बोलते.

येथे मराठीचा स्वभाव पुन्हा आडवा येतो. इंग्रजीत मुलाने आणि मुलीने ‘मी घरी जातो’ हे एकाच वाक्याने सांगता येते. मराठीत मुलगी ‘जाते’ म्हणते. ‘घर’ आणि ‘जाणे’ ही चित्रे दाबल्यावर घरचे ‘घरी’ व्हावयास हवे, आणि बोलणारी मुलगी आहे हे यंत्रास ठाऊक हवे. नाही तर आयुष्यात पहिल्यांदा बोललेली लेक आईला मुलाच्या भाषेत हाक मारावयाची. परक्या भाषेसाठी घडविलेले साधन नुसते आणून भागत नाही, ते असे.

२०११ च्या जनगणनेत वाणीचे अपंगत्व असलेले सुमारे २० लाख लोक देशात आढळले. असे असूनही १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातील सात प्रकारांत बहिरेपणा होता, वाचा गमावणे हा स्वतंत्र प्रकार नव्हता. तो आला २०१६ च्या कायद्यात. साक्षीदार म्हणून मुका १८७२ साली मान्य झाला; साह्यास पात्र नागरिक म्हणून त्याची नोंद व्हावयास आणखी १४४ वर्षे लागली.

साधने आली, कायदाही आला. एक गोष्ट मात्र यंत्राबरोबर विकत मिळत नाही. चित्र शोधून बोट ठेवावयास वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपण त्याचे वाक्य आपणच पुरे करून टाकतो. पुढच्या वेळी असा कोणी भेटला, तर कोल्हापूरच्या त्या जुन्या थिएटरातील प्रेक्षक जसे पाटीसाठी थांबत, तसे आपण त्याच्यासाठी थांबावे, एवढीच आमची श्रोत्यांना विनंती आहे.