फरशी चावते रे! पायाखालच्या उबेची दोन हजार वर्षांची गोष्ट

आजचा एपिसोड सुरू होतो आमच्या बुलढाण्याच्या घरातल्या बाथरूममधून. हसू नका, विषय इतिहासाचाच आहे.

मागच्या डिसेंबरात घरी गेलो होतो. नवीन बाथरूम झालेलं, चकचकीत टाइल्स, गीझर, शॉवर, सगळं. आणि आजी आत पाय ठेवायला तयार नाही. म्हणते, "पाणी कढत आहे, पण फरशी चावते रे." आता आमचं बुलढाणा बसलंय अजिंठ्याच्या डोंगररांगेवर. उन्हाळ्यात सगळे थंड हवेचं कौतुक करतात. डिसेंबरच्या पहाटे त्याच कौतुकाची वसुली होते.

मी रात्री मोबाईल काढला. कळलं की टाइलखाली विजेची केबल टाकून फरशीच गरम करता येते. म्हटलं, हे काहीतरी परदेशी फॅड. पण शोधत गेलो आणि धागा पार रोमपर्यंत गेला.

रोमन लोक स्नानगृहाची फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचलून धरायचे. बाजूला भट्टी, आणि तिची गरम हवा त्या पोकळीतून फिरायची. विट्रुव्हियस नावाच्या स्थापत्यकाराने याचा मस्त तपशील लिहून ठेवलाय: खालच्या जमिनीला भट्टीकडे इतका उतार द्या, की आत टाकलेला चेंडू परत भट्टीच्या तोंडाशी घरंगळत यावा. टेस्टिंगची पद्धतसुद्धा दिली आहे, बघा! तिकडे कोरियात वेगळीच युक्ती. स्वयंपाकाच्या चुलीचा धूर थेट बाहेर न सोडता खोलीच्या जमिनीखालून फिरवायचा. त्याला म्हणतात ओंडोल. एकाच जाळात जेवणही आणि ऊबही.

मग ही कल्पना आपल्याकडे आली का? आली, हमाममधून. मुघलांच्या हमाममध्ये कपडे बदलायची, गार पाण्याची, गरम पाण्याची अशा वेगवेगळ्या खोल्या असत. भट्टीवर पाणी तापायचं, आणि गरम खोलीच्या फरशीखालून किंवा भिंतीतून तीच धग फिरवली जायची.

असा एक शाही हमाम आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच आहे. जळगाव जामोदच्या वर सातपुडा ओलांडला की बऱ्हाणपूर. मुघलांचं दख्खनमधलं मोठं ठाणं. तापीकाठच्या शाही किल्ल्यात हा हमाम आहे, छतावर अजून रंगीत नक्षी दिसते. शहाजहानने तो मुमताजसाठी सजवला असं सांगतात. याच बऱ्हाणपुरात जून 1631 मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज गेली. हमाम आणि ताजमहाल या दोन गोष्टींच्या मध्ये ही एक खोली आहे, जिथली ऊब तिला वाचवू शकली नाही.

पण मला प्रश्न पडला तो वेगळाच. त्या भट्टीत लाकडं कोण टाकत होतं? बादशहाचं नाव राहिलं, भट्टीवाल्याचं नाही. आणि हा प्रश्न घेऊन मी आमच्या जुन्या न्हाणीत आलो. तिथं तर पहाटे चारला उठून चूल पेटवणारी, पऱ्हाट्या-तुराट्या मोडून जाळ लावणारी, गुंडभर पाणी तापवणारी आजीच होती. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की उरलेल्या कोमट पाण्यात तिची. म्हणजे आमच्या घरातल्या हमामची भट्टीवाली आता पंचाहत्तरीत गरम फरशी मागत होती. जास्त मागत होती का?

आता वीज यात कधी आली? फ्रँक लॉईड राईट हा अमेरिकन आर्किटेक्ट टोकियोत इंपीरियल हॉटेलच्या कामासाठी गेला होता. एका थंडीच्या रात्री एका बड्या उद्योगपतीच्या घरी जेवताना कुडकुडला आणि मग त्याला कोरियन खोलीत नेलं. शेगडी नाही, हीटर नाही, तरी ऊब! राईट इतका भारावला की हॉटेलच्या बाथरूममध्ये त्याने फरशीखाली विजेचे हीटर बसवले. धुराच्या जागी करंट. हॉटेलचं उद्घाटन 1 सप्टेंबर 1923 ला होतं आणि त्याच दिवशी टोकियोचा महाभूकंप झाला. हॉटेल उभं राहिलं. शेवटी 1968 मध्ये माणसांनीच ते पाडलं.

आजची पद्धत तीच. जाळीवर गुंफलेली केबल चिकट मसाल्यात बसवायची, वर वॉटरप्रूफिंग, मग टाइल. चौरस मीटरला साधारण 150 वॅट. म्हणजे शॉवरच्या दीड चौरस मीटरला सव्वादोनशे वॅट, गीझरच्या 2000 पुढे काहीच नाही. केबल कापायची नाही, आणि टाइल लावायच्या आधी, लावताना आणि नंतर मीटरने रेझिस्टन्स तपासायचा. कारण एकदा टाइल बसली की चूक शोधायला फरशी फोडावी लागते.

मी खूश होऊन वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडलं आणि विचारलं, "भाऊ, अर्थिंग कुठं हाय?" तीन पिनचं सॉकेट होतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. टाइल्स नव्या, वायरिंग जुनं. इतकी वर्षं आमचं गीझर तसंच चालू होतं आणि त्याखाली आजी आंघोळ करत होती. मी बीटेक झालेला माणूस, फरशीचे वॅट मोजत बसलो होतो.

मग फरशीचे पैसे आधी तिकडे गेले. अंगणात खड्डा खणून अर्थिंग, बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. करंट थोडा जरी गळला तरी क्षणात लाइन तोडते. आणि फरशी? आजीने माळ्यावरून सागवानी पाट काढायला लावला. टाइल पायातली ऊब भराभर ओढून घेते, लाकूड तिच्या कितीतरी पट कमी. म्हणून एकाच तापमानाची टाइल चावते आणि पाट चावत नाही. आपल्याकडे फरशी तापवण्याऐवजी पाट का आला, हे मला तेव्हा कळलं. पाटाला भट्टीवाला लागत नाही.

केबलचा विचार मी सोडलेला नाही, पुढच्या वर्षी बघू. पण तुम्ही आज एक काम करा. घरी वायरमन बोलवा आणि गीझरच्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घ्या. स्वतः उघडू नका.

पुढच्या एपिसोडमध्ये बऱ्हाणपूरलाच जाऊ, तिथल्या जमिनीखालून पाणी आणणाऱ्या कुंडी भंडाऱ्याकडे. तोवर भेटू!