गीतू अन्ना जोस : एका कारकिर्दीचे वाचन

आपल्याकडे खेळाडू स्त्रियांविषयी लिहिताना 'पहिली' हे विशेषण फार सढळपणे वापरले जाते. ते एकदा लागले की लिहिणाऱ्याचे काम संपल्यासारखे होते. ती पहिली कशी झाली, त्याआधी आणि त्यानंतर तिने काय केले, हे विचारण्याची गरज उरत नाही. गीतू अन्ना जोस या बास्केटबॉलपटूविषयी जे काही छापून आले आहे, ते चाळताना हे प्रकर्षाने जाणवते. ऑस्ट्रेलियात व्यावसायिक क्लबकडून खेळणारी पहिली भारतीय स्त्री आणि अमेरिकेतील 'डब्ल्यूएनबीए' लीगमधील संघांनी चाचणीसाठी बोलावलेली पहिली भारतीय स्त्री, या दोन वाक्यांत तिची ओळख आटोपते. पैकी दुसरे वाक्य तर एका न घडलेल्या गोष्टीविषयी आहे, कारण त्या चाचणीतून तिची निवड झाली नाही. एका दशकाहून अधिक काळ चाललेली कारकीर्द तीन-चार आठवड्यांच्या एका प्रवासावरून ओळखली जावी, हे इतिहासलेखनाच्या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे.

आधी नावाविषयी. 'अन्ना' वाचून मराठी वाचकाला एखादा दाक्षिणात्य थोरला भाऊ आठवण्याचा संभव आहे. परंतु केरळच्या सीरियन ख्रिस्ती समाजात हे मुलीचे नाव आहे, बायबलमधले. 'जोस' हे आडनाव नव्हे, वडिलांचे नाव. विवाहानंतर ती गीतू अन्ना राहुल झाली. इंग्रजी बातम्यांत तिच्या नावाचे स्पेलिंगही एकसारखे नाही. जुन्या बातम्या आणि गुणतक्ते शोधणाऱ्याला हा साधा तपशीलही बराच त्रास देतो. पुरुष खेळाडूच्या बाबतीत निदान हा त्रास नसतो.

३० जून १९८५ रोजी कोट्टयमजवळच्या कोल्लाड येथे तिचा जन्म झाला. हा भूगोल महत्त्वाचा आहे. बास्केटबॉल हा भारतात आलेल्या खेळांपैकी बहुधा सर्वांत 'मिशनरी' खेळ. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ यांनी तो रचला आणि वायएमसीएच्याच माणसांनी तो जगभर नेला. स्प्रिंगफील्डला शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासमध्ये शारीरिक शिक्षणाची शाळा सुरू केली. दक्षिणेतल्या शाळा-महाविद्यालयांत हा खेळ रुजला, त्यात तिथून बाहेर पडलेल्या शिक्षकांचा वाटा मोठा आहे. क्रिकेट राजेरजवाडे आणि जिमखाने यांच्या अंगणातून आले. बास्केटबॉल मात्र शाळेच्या सिमेंटच्या मैदानावरून आले. आपल्या मुंबईतही बास्केटबॉलचे नाव निघाले की प्रथम नागपाड्याचे वायएमसीएच आठवते.

केरळमधील कॉन्व्हेंट शाळा आणि स्त्रियांची महाविद्यालये यांमुळे तिथे हा खेळ मुलींचा झाला, हे त्यातले विशेष. गीतू चंगनाशेरीच्या असम्प्शन कॉलेजात शिकली. १९५० साली स्थापन झालेले हे स्त्रियांचे महाविद्यालय बास्केटबॉलसाठी ओळखले जाते. केवळ स्त्रियांसाठी असलेल्या संस्थेतले मैदान हे पूर्णपणे मुलींचे असते. तिथे मुलांचा सराव संपण्याची वाट पाहावी लागत नाही. सहा फुटांहून उंच मुलगी इतरत्र 'हिचे लग्न कसे जमणार' या चर्चेचा विषय झाली असती. त्या मैदानावर मात्र तिची उंची ही संघाची गरज होती.

परंतु महाविद्यालय तीन-चार वर्षांत संपते. पुढे काय? या प्रश्नाचे भारतीय उत्तर म्हणजे रेल्वे. गीतू चेन्नईला दक्षिण रेल्वेत नोकरीला लागली. रेल्वे हा आपल्या क्रीडा-इतिहासातला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी अभ्यासलेला आश्रयदाता आहे. रेल्वेचे क्रीडा मंडळ १९२८ पासूनचे. पी. टी. उषा दक्षिण रेल्वेची. महेंद्रसिंग धोनी काही काळ खरगपूरला टीसी होता, हे तर आता चित्रपटामुळे सर्वांना ठाऊक आहे. स्त्रियांच्या बाबतीत हा आश्रय अधिक निर्णायक ठरला. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये रेल्वेच्या महिला संघाचे वर्चस्व इतके दीर्घकाळ राहिले की राज्यांचे संघ अनेकदा दुसऱ्या क्रमांकासाठीच खेळत आहेत असे वाटावे. याचे कारण सरळ आहे. राज्याकडे चांगली मुलगी तयार झाली की तिला नोकरी हवी असते, आणि नोकरी रेल्वेकडे असते.

या व्यवस्थेकडे तुच्छतेने पाहण्याची एक पद्धत आहे: सरकारी नोकरीसाठी खेळणारे खेळाडू, नोकरी मिळाली की सुस्तावतात, वगैरे. मला ती टीका वरवरची वाटते. निम्नमध्यमवर्गीय घरातील मुलीला विशी उलटल्यानंतरही खेळू देण्यासाठी घरच्यांना काही ठोस कारण द्यावे लागते. महिन्याचा पगार, प्रवासाचा पास, सरावासाठी सवलत, स्पर्धांसाठी रजा हे ते कारण. भारतीय स्त्रीच्या खेळण्याला कुटुंबाकडून जी मान्यता मिळाली, ती पदकांपेक्षा या नेमणुकीच्या पत्राने मिळवून दिली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तिच्या मर्यादा वेगळ्या आहेत, त्यांकडे पुढे येतो.

२००६ हे वर्ष गीतूच्या कारकिर्दीत वळणाचे. त्या वर्षी मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धांत बास्केटबॉलचा समावेश होता आणि भारताचा महिला संघही उतरला होता. त्याच वर्षापासून २००८ पर्यंत ती मेलबर्नच्याच उपनगरातील रिंगवूड हॉक्स या क्लबकडून 'बिग व्ही' स्पर्धेत खेळली. ही व्हिक्टोरिया राज्याची लीग. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय महिला लीगच्या खालच्या पायरीवरची. आपल्या बातम्यांत हा फरक बहुधा गाळलेला असतो. तो सांगितल्याने तिचे काही कमी होत नाही, उलट तिने काय मिळवले ते नीट समजते. दर आठवड्याला सामना असणे, प्रतिस्पर्धी आपल्याइतकेच उंच असणे, चुकीची शिक्षा लगेच मिळणे, हा अनुभव भारतात तिला कोठेही मिळणार नव्हता. भारतातील वर्ष म्हणजे काही थोड्या स्पर्धा आणि मध्ये मोठे रिकामे महिने.

आता २०११. एप्रिल महिन्यात तिला शिकागो स्काय, लॉस एंजेलिस स्पार्क्स आणि सॅन अँटोनियो सिल्व्हर स्टार्स या तीन संघांकडून चाचणीचे निमंत्रण होते. याला एक पार्श्वभूमी आहे. अमेरिकन बास्केटबॉलचे भारताकडे लक्ष वळण्याचा तो काळ होता. २०१० साली भारतीय बास्केटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी तीस वर्षांचा करार केला होता (तो पुढे मुदतीच्या फार आधीच संपुष्टात आला), आणि २०११ मध्येच एनबीएने मुंबईत कार्यालय उघडले. भारतीय चेहऱ्याची गरज बाजारालाही होती. म्हणून निमंत्रण केवळ बाजारासाठी आले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण वृत्तपत्रांचा उत्साह पाहताना हा संदर्भ विसरता येत नाही.

मुळात स्पर्धा कशाशी होती? त्या वर्षी त्या लीगमध्ये बारा संघ होते आणि प्रत्येक संघात जास्तीत जास्त अकरा खेळाडू. म्हणजे एकूण एकशे बत्तीस जागा, आणि त्यांसाठी अमेरिकेतील शेकडो महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुली, शिवाय युरोप-ऑस्ट्रेलियातील खेळाडू. आशियाई स्त्रिया तिथे याआधी पोचल्या होत्या: १९९७ च्या पहिल्याच हंगामात चीनची झेंग हायशिया आणि जपानची मिकिको हागिवारा खेळल्या. पण त्यांच्यामागे ऑलिंपिक खेळलेले संघ आणि देशांतर्गत पक्की स्पर्धा होती. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे बास्केटबॉल १९७६ साली आले, पुरुषांनंतर चाळीस वर्षांनी. भारताचा महिला संघ तिथे अद्याप एकदाही पोचलेला नाही.

एक तांत्रिक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण मला ती या साऱ्या कथेची गुरुकिल्ली वाटते. भारतीय संघात गीतू 'सेंटर' होती. सेंटर म्हणजे बास्केटच्या सर्वांत जवळ, बहुधा बास्केटकडे पाठ करून उभी राहणारी खेळाडू. चेंडू तिच्याकडे आत टाकायचा, तिने वळून गुण करायचा, आणि चुकलेला चेंडू उंचीच्या जोरावर परत मिळवायचा. संघातली सर्वांत उंच मुलगी सेंटर होते. भारतात शाळेच्या संघापासून हे ठरून जाते. डब्ल्यूएनबीएमध्ये सेंटर सव्वासहा-साडेसहा फुटांच्या असतात. गीतूच्या उंचीची खेळाडू तिथे 'फॉरवर्ड' असते. तिने बास्केटकडे तोंड करून खेळायचे, दुरून फेक करायची, चेंडू टप्पे देत स्वतः आत न्यायचा. म्हणजे जे काम दहा-बारा वर्षे तिला कोणी करू दिले नव्हते, ते पंचविसाव्या वर्षी काही आठवड्यांत करून दाखवायचे होते. तिच्यात काय कमी पडले असे विचारण्याऐवजी, तिला कोणत्या जागी उभे केले गेले होते असे विचारले, तर २०११ चा निकाल वेगळा वाचता येतो.

रेल्वेच्या व्यवस्थेची मर्यादा इथे दिसते. तिथे संघाला दरवर्षी विजेतेपद हवे असते, आणि उंच मुलगी बास्केटखाली उभी केली की ते मिळते. खेळाडूला नवे काही शिकवण्याची निकड कोणालाच नसते. दुसरी बाजूही आहे. त्या लीगचा हंगाम उन्हाळ्यातला, चार महिन्यांचा. तिथल्या कित्येक खेळाडू उरलेले वर्ष रशिया, तुर्कस्तान अशा देशांत पैशासाठी खेळत. संघात राहण्याची हमी कोणालाच नसे. शिकागोतल्या नवख्या खेळाडूपाशी जे नव्हते ते चेन्नईच्या गीतूपाशी होते: कायमची नोकरी. अमेरिकेहून परतल्यावर ती दक्षिण रेल्वेकडूनच खेळत राहिली.

या परतण्याला बातम्यांत 'स्वप्नभंग' म्हटले गेले की नाही, हा प्रश्न गौण आहे. खरी अडचण ही की त्यानंतरच्या खेळाकडे कोणी फारसे पाहिलेच नाही. २०१३ साली बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारताने पाचवा क्रमांक मिळवला. त्या वेळी स्पर्धेचे दोन गट असत. वरच्या गटात सहाच संघ, आणि त्यांतल्या तळाच्या दोघांना खालच्या गटातील पहिल्या दोघांशी लढून आपली जागा राखावी लागे. चीन, जपान, कोरिया आणि तैवान या चौघांच्या नंतरचे स्थान, म्हणजे भारताला वास्तवात शक्य असलेले सर्वोच्च स्थान. ते मिळवणाऱ्या संघाच्या खेळाचा आधार गीतू होती. मला विचाराल तर तिच्या कारकिर्दीचे शिखर इथे आहे, शिकागोत नाही. पण 'पाचवा क्रमांक' ही बातमीच्या मथळ्यात बसणारी गोष्ट नव्हे.

गुणतक्ता हे अशा वेळी एकमेव साधन उरते आणि तेही अपुरे. त्यात किती गुण केले, किती चेंडू परत मिळवले, किती मिनिटे खेळली हे मिळते. सेंटरने प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवून धरले आणि म्हणून चेंडू सहकारी खेळाडूच्या हाती पडला, हे त्यात नसते. दोन जणी तिच्यावर धावून आल्यामुळे तिसरी मोकळी सुटली, हेही नसते. सामन्याचे वर्णन लिहिणारा कोणी असता तर ते टिकले असते. क्रिकेटच्या बाबतीत मराठीत असे वर्णन करणारी एक परंपराच आहे. बास्केटबॉलला, आणि त्यातून स्त्रियांच्या, ती लाभली नाही.

२०१४ साली गीतूला अर्जुन पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता. पण त्याच संघातली, तिच्याच वयाची, दक्षिण रेल्वेचीच अनिता पॉलदुरै हिची गोष्ट शेजारी ठेवली म्हणजे 'पहिली' या शब्दाची किंमत कळते. अनिता गार्ड होती. चेंडू पुढे आणणारी, खेळ मांडणारी, उंचीने डोळ्यांत न भरणारी. एकोणिसाव्या वर्षी ती भारताची कर्णधार झाली आणि अठरा वर्षे देशाकडून खेळली. मातृत्वानंतर ती पुन्हा मैदानात आली. जुलै २०१७ मध्ये बंगळूरला आशिया चषकाच्या 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले आणि 'अ' गटात पुन्हा प्रवेश मिळवला, तेव्हा कर्णधार तीच होती. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. अनिताला परदेशातल्या क्लबाचे वा चाचणीचे 'पहिली' लाभले नाही. अर्जुन पुरस्कारही लाभला नाही. २०२१ साली तिला पद्मश्री जाहीर झाली, तोवर तिचे देशाकडून खेळणे थांबले होते.