उंबरठ्यावरील संहिता : विवाह सोडू पाहणाऱ्या स्त्रीचा शब्द, पुणे आणि बंगळूर

१

१९९७ या एका वर्षात बंगळूर शहरात स्त्रियांच्या ११३३ अनैसर्गिक मृत्यूंची नोंद झाली. १९९९ साली ‘फ्रंटलाइन’ या पाक्षिकाने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार यांपैकी १५७ मृत्यू खून मानले गेले, ५४६ ‘आत्महत्या’ या सदरात गेले आणि उरलेले ४३० ‘अपघात’ ठरले. म्हणजे सात मृत्यूंपैकी जेमतेम एका मृत्यूची नोंद खून म्हणून झाली. ‘अपघात’ या सदरात जी कारणे पुन्हा पुन्हा आढळत, त्यांत ‘स्टोव्हचा भडका’ हे प्रमुख होते.

ही आकडेवारी समाजशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तिच्यात एक वेगळा प्रश्न दिसावा. ‘स्टोव्हचा भडका’ हे दोन शब्द कोणी उच्चारले, कोणासमोर उच्चारले आणि कोणी लिहून घेतले? पुष्कळदा ते स्वतः जळालेल्या स्त्रीच्याच तोंडचे असत. विवाहातून बाहेर पडू पाहणारी स्त्री बोलते, लिहिते, निवेदन देते. तिच्या या शब्दांच्या संहिता होतात. त्या कोणत्या परिस्थितीत निर्माण झाल्या आणि सत्तेच्या वेगवेगळ्या केंद्रांनी त्या कशा वाचल्या, याचा शोध मराठी व कन्नड या शेजारी भाषाप्रदेशांच्या संदर्भात येथे घ्यावयाचा आहे. स्त्रीला सर्वाधिक धोका असतो तो उंबरठा ओलांडण्याच्या क्षणी; आणि नेमक्या त्याच क्षणीचा तिचा शब्द सर्वांत कमी विश्वासार्ह मानला जातो, हे या इतिहासाचे सूत्र आहे.

२

मराठीतील ‘माहेर’ आणि कन्नडमधील ‘तवरु’ या दोन शब्दांभोवती स्त्रियांच्या मौखिक परंपरेचा मोठा भाग गुंफलेला आहे. मराठी जात्यावरच्या ओव्यांत आणि कन्नड ‘बीसुव पद’ या दळणाच्या गाण्यांत माहेरचा भाऊ, माहेरची वाट, माहेरचा सण यांचे वर्णन विलक्षण साम्याने येते. परंतु या दोन्ही परंपरांतील माहेर हे भेटीचे ठिकाण आहे. पंचमीला अथवा पहिल्या बाळंतपणाला यावे आणि परत जावे, अशी त्याची मर्यादा आहे. कायमची परत आलेली लेक या गीतांच्या चौकटीत सहजी बसत नाही. सासरच्या छळाचे वर्णन ओवीला वर्ज्य नाही. त्या छळातून बाहेर पडण्याची वाट मात्र तिच्यात क्वचितच सापडते. जिच्याविषयी एवढे गायिले गेले, त्या घराचे दार आतून कोणत्या अटींवर उघडते, हा प्रश्न लिखित साहित्याच्या वाट्याला आला.

मराठी प्रदेशात तो प्रथम न्यायालयाच्या साक्षीने उभा राहिला. बालपणी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पतीच्या घरी नांदण्यास नकार दिला आणि १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्काचा दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. १८८६ साली अपिलात हा निर्णय फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जा अथवा सहा महिने तुरुंगवास भोगा, असा आदेश दिला. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. दावा चालू असतानाच, १८८५ साली, रखमाबाईंनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने पत्रे लिहिली होती. नांदण्यास नकार देणारी स्त्री स्वतःच्या नकाराचा अर्थ स्वतः सांगते आहे, असा हा आधुनिक भारतातील आरंभीचा आणि सर्वाधिक गाजलेला प्रसंग होय. ज्या सावत्र वडिलांच्या घरी त्या वाढल्या, त्या डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घराचा आधार त्यांना होता, ही गोष्टही विसरता येत नाही. नकाराची संहिता लिहिण्यासाठी आधी पाठीशी एक घर असावे लागते.

३

असे घर नसलेल्या स्त्रीला कायद्याचा आधार देण्याचे काही प्रारंभिक प्रयत्न संस्थानांत झाले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१९ साली स्त्रियांना क्रूरतेने वागविण्याविरुद्ध कायदा केला. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १९३१ साली हिंदू विवाहविच्छेदाचा कायदा झाला. म्हैसूर संस्थानाने १९३३ साली हिंदू स्त्रियांच्या हक्कांचा कायदा करून स्त्रीधन, मालमत्तेतील वाटा आणि पोटगी यांविषयीच्या तरतुदी केल्या; बंगळूर हे या संस्थानाच्या प्रशासनाचे केंद्र होते. मुंबई प्रांतात हिंदू विवाहविच्छेदाचा कायदा १९४७ साली आला, तर देशभरातील हिंदूंसाठी ही सोय १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने झाली.

या कायद्यांचा क्रम लावून पाहिल्यास एक भेद लक्षात येतो. कोल्हापूरने छळाचा, बडोद्याने विच्छेदाचा, तर म्हैसूरने मालमत्तेचा व निर्वाहाचा विचार केला. वस्तुतः घर सोडणाऱ्या स्त्रीला या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. छळ सिद्ध करावा लागतो, नाते संपवावे लागते आणि त्या रात्री कोठेतरी झोपावे लागते. यांतील तिसरी गरज कायद्याच्या भाषेत सर्वांत उशिरा पोहोचली.

४

१९८२ हे वर्ष या दृष्टीने मराठी सार्वजनिक जीवनातील सीमारेषा ठरले. त्या वर्षी जूनमध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा विषाने मृत्यू झाला. विवाहाला अवघे चार महिने झाले होते. मृत्यूपूर्वी तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहिली होती. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला मृत्युदंड सुनावला व उच्च न्यायालयाने तो कायम केला; परंतु १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या याच निकालपत्रात मांडल्या गेल्या आणि त्या पुढे देशभर प्रमाण मानल्या गेल्या.

साहित्याच्या अभ्यासकाला या निकालातील पत्रांचे वाचन महत्त्वाचे वाटावे. ही पत्रे पुराव्यात ग्राह्य धरली गेली. तथापि, त्यांतून न्यायालयाला एका अतिसंवेदनशील, निराश मनाचे चित्र दिसले आणि म्हणून आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. संशयाचा फायदा आरोपीला मिळावा, हे तत्त्व योग्यच आहे आणि निकालाचे औचित्य हा येथील विषय नाही. येथे लक्ष द्यावयाचे ते एवढ्याकडेच की, सासरी आपले काय चालले आहे हे सांगण्यासाठी लिहिलेली पत्रे अखेर लिहिणारीच्या स्वभावाचा पुरावा झाली. पत्र लिहिणारी गेल्यानंतर पत्राचा अर्थ वाचणाऱ्याच्या हाती जातो.

त्याच वर्षी पुण्यात नारी समता मंच स्थापन झाला. ‘स्त्री’ मासिकाशी संबंधित असलेल्या विद्या बाळ यांचा त्यात पुढाकार होता. मंचाच्या प्रदर्शनाचे नाव होते ‘मी एक मंजुश्री’. या नावातील ‘मी’ हे सर्वनाम अर्थपूर्ण आहे. मृत स्त्रीविषयी तृतीय पुरुषात बोलणाऱ्या पंचनाम्याला आणि निकालपत्राला दिलेले ते प्रथम पुरुषातील उत्तर होते. मंचाच्या समुपदेशन केंद्राला ‘बोलते व्हा’ हे नाव मिळाले, तेही याच जाणिवेतून. स्त्रीने मृत्यूनंतर नव्हे तर त्याआधी बोलावे आणि ते कोणीतरी ऐकावे, हा त्यामागचा आग्रह होय.

५

बंगळूरमध्ये हेच काम ‘विमोचना’ या संघटनेने हाती घेतले. १९७९ साली स्थापन झालेल्या या संघटनेने नव्वदच्या दशकात विवाहितांच्या अनैसर्गिक मृत्यूंचा पाठपुरावा सुरू केला. तिच्या कार्यकर्त्या व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या जळीत विभागात जात, खाटेवरील स्त्रियांशी बोलत आणि पोलिसांच्या नोंदींशी ते बोलणे ताडून पाहत. रॉकेलचा स्टोव्ह तेव्हा कनिष्ठ मध्यमवर्गीय घरांत सर्रास होता आणि तो फुटूही शकत असे. परंतु तो घरातील तरुण सुनेच्याच हाती एवढ्या वारंवार का फुटावा, या प्रश्नाला नोंदवहीत जागा नव्हती.

मृत्युपूर्व जबानी हा साहित्यप्रकार नव्हे. पण तिला एका प्रकाराचे सर्व संकेत आहेत. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३२नुसार मरणाऱ्याने मृत्यूच्या कारणाविषयी केलेले कथन ग्राह्य मानले जाई. २०२४च्या जुलैपासून हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६मध्ये आहे. मरणाच्या दारात माणूस खोटे बोलत नाही, ही या तरतुदीमागील जुनी धारणा. जळीत विभागातील वास्तव या धारणेला छेद देते. खाटेशेजारी सासरची माणसे उभी असतात, लहान मुले त्यांच्याच घरी असतात, उपचाराचा खर्च तेच करीत असतात, आणि वाचलो तर परत त्याच घरी जावे लागेल ही भीती असते. अशा वेळी ‘स्टोव्हचा भडका’ हे कथन म्हणजे आपल्या मुलांसाठी केलेला शेवटचा करार असू शकतो. माहेरची माणसे आल्यावर तीच स्त्री दुसरी जबानी देते आणि दोन जबान्यांतील विसंगतीमुळे दोन्ही दुबळ्या ठरतात. २००२ साली महाराष्ट्रातून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, डॉक्टरांचे प्रमाणपत्र नाही एवढ्याच कारणाने जबानी बाद होत नाही, असे स्पष्ट केले. पण जबानी देतेवेळी खोलीत कोण होते, हा प्रश्न प्रमाणपत्राहून खोल आहे.

तरतुदी बदलल्या नाहीत असे नाही. १९८३ साली भारतीय दंडसंहितेत कलम ४९८अ आले आणि विवाहानंतर सात वर्षांच्या आतील संशयास्पद मृत्यूंच्या चौकशीचे नियम कडक झाले. १९८६ साली हुंडाबळीचे कलम ३०४ब जोडले गेले. आज ही कलमे भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे ८५–८६ आणि ८० या क्रमांकांनी आहेत. पण बंगळूरची १९९७ची आकडेवारी या सुधारणांनंतर दशकभराने आलेली आहे. कलम उपलब्ध असणे आणि मृत्यू त्या कलमाखाली नोंदला जाणे, या दोन गोष्टींमध्ये भाषेचे अंतर होते.

६

अमेरिकन विधिज्ञ मार्था महोनी यांनी १९९१ साली ‘विभक्त होतानाचा हल्ला’ ही संकल्पना मांडली. ‘ती सोडून का गेली नाही’ हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण हिंसेचा हेतू पुष्कळदा तिचे जाणे रोखणे हाच असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. भारतीय संदर्भात या संकल्पनेला एक पुस्ती जोडावी लागते. येथे ‘जाणे’ प्रत्यक्ष पाऊल उचलण्याआधीच सुरू होते. माहेरी लिहिलेले पत्र, शेजारणीपाशी बोललेले वाक्य, नोकरीचा अर्ज हीदेखील जाण्याची चिन्हे मानली जातात आणि धोका तेथूनच वाढतो.

ललित साहित्याने ही गोष्ट कायद्याच्या आधी ओळखली होती. धारवाडला जन्मलेल्या आणि पुढे बंगळूरमध्ये स्थायिक झालेल्या शशी देशपांडे यांच्या ‘द डार्क होल्ड्‌स नो टेरर्स’ (१९८०) या इंग्रजी कादंबरीतील सरू ही डॉक्टर आहे. पत्नी अधिक कमावते याविषयी तिच्या पतीला एका मुलाखतीत प्रश्न विचारला जातो आणि त्यानंतर रात्रीच्या हिंसेला आरंभ होतो. पंधरा वर्षांनी ती वडिलांच्या घरी येते, तेव्हा दार उघडते, पण जुन्या दोषारोपांसह उघडते. विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ (१९८३) या नाटकात हेच दार वेगळ्या रीतीने तपासले जाते. ज्योतीचे घर पुरोगामी आहे, तेथे सर्व विषयांवर चर्चा होते. पण मार खाऊन आलेल्या मुलीसाठी त्या घरापाशी तत्त्वांखेरीज फारसे काही नाही, आणि ती अखेर पतीकडेच परत जाते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारलेल्या ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटात सासर व माहेर या दोहोंपलीकडचे तिसरे घर, म्हणजे स्त्रियांचे आधारगृह, मध्यवर्ती येते आणि तेही निर्दोष नसल्याचे दिसते. तीन कलाकृती, तीन दारे. परंतु तिन्ही ठिकाणी घर सोडण्याचे धैर्य स्त्रीपाशी आहे आणि उणीव आहे ती पोहोचण्याच्या जागेची. विमोचनाने आपल्या संकटनिवारण केंद्राला ‘अंगळ’ हे नाव दिले. कन्नड ‘अंगळ’ म्हणजे मराठी ‘अंगण’: घराच्या आतही नाही आणि रस्त्यावरही नाही, अशी जागा.

७

२००५ साली संमत झालेल्या आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण कायद्याने या इतिहासातील प्रश्नच उलटा केला. सामायिक घरात राहण्याचा हक्क स्त्रीला देऊन त्याने विचारले की, तिने का जावे? त्याच वर्षाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने ‘सामायिक घर’ या शब्दप्रयोगाचा अर्थ संकुचित केला आणि सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घर त्यातून वगळले गेले. तो अर्थ रद्द होण्यास १५ ऑक्टोबर २०२० उजाडावे लागले. मधली जवळजवळ चौदा वर्षे अनेक स्त्रियांचे राहणे वा बाहेर पडणे एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून होते.

रखमाबाईंचे पत्र, मंजुश्रीचे पत्र आणि जळीत विभागातील अनाम स्त्रीची जबानी या तीन संहिता शंभराहून अधिक वर्षांच्या अंतराने पसरल्या आहेत. पहिली लिहिणारी जगली, डॉक्टर झाली आणि आपल्या नकाराचा अर्थ तिने आयुष्यभर स्वतःकडे ठेवला. उरलेल्या दोघींच्या शब्दांचा अर्थ इतरांनी ठरविला. हा भेद लेखनकौशल्याचा नाही. पहिलीपाशी उंबरठ्यापलीकडे एक घर होते, आणि तिचा शब्द तिच्या हयातीत ऐकला गेला. तौलनिक साहित्याभ्यासाने पत्र, जबानी व पंचनामा यांना साहित्याच्या शेजारी ठेवून वाचण्याचे प्रयोजन हेच आहे. ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द कोणत्या भीतीतून आले, हे ओळखणारा वाचक पोलीस ठाण्यात, रुग्णालयात आणि न्यायालयात वेळेवर हजर असणे, यावर स्त्रियांचे जगणे अवलंबून राहिले आहे.