आमच्या खाऱ्या विहिरीचं मीठ



आज पिकाची नोंद नाही. सोयाबीन फुलावर आहे, कपाशीत डवरणी झाली, वाफसा आला की पुढचं काम. आजची नोंद गावातल्या एका जुन्या विहिरीची, अन् १५ ऑगस्टला शाळेच्या पोट्ट्यांनी केलेल्या नाटकाची.

आमचं गाव अकोट तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहीर पाराच्या मागं आहे. वानचं पाणी नळाला आल्यापासून तिच्याकडं कोणी पाहत नाही. प्लास्टिक, निर्माल्य, फुटके माठ, सगळं तिच्यातच जातं. ती बुजवून जागा मोकळी करावी असा अर्ज उन्हाळ्यात ग्रामपंचायतीत गेला. त्यावर सही माझीही होती, हे आधीच सांगून टाकतो.

जुलैत शाळेतले गुरुजी घरी आले. म्हणाले, "भाऊ, पोरं यंदा मिठाचा सत्याग्रह करून दाखवणार आहेत. दांडीचा समुद्र पडद्यावर काढतो, मीठ दुकानातून आणतो." मी म्हणालो, "गुरुजी, दांडी कायले? आपल्याच पट्ट्यात झालं ना ते."

त्यांना माहीत नव्हतं. आपल्यातल्याही बऱ्याच जणांना नसेल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. १८८२ च्या कायद्यानं मिठावर सरकारचा मक्ता होता. परवानगीशिवाय मीठ केलं तर गुन्हा. देशभर कायदा मोडायचं ठरलं, पण वऱ्हाडात समुद्र कुठला? तो शेकडो मैल लांब. मग आपल्या लोकांनी पूर्णेच्या खोऱ्याकडं पाहिलं. इथं जमिनीखालीच खारं पाणी. अकोला जिल्ह्यातलं दहिहांडा अन् अमरावती जिल्ह्यातलं भामोद या दोन ठिकाणी विहिरीचं पाणी आटवून मीठ तयार केलं गेलं. दहिहांड्याच्या बाजूला हे काही नवीन नव्हतं. पूर्वी तिथल्या खाऱ्या विहिरींतून मीठ निघायचंच, इंग्रजी अमलात ते बंद पडलं होतं. म्हणजे लोकांनी आपलाच जुना धंदा एकदा उघड्यावर करून दाखवला, अन् तो गुन्हा ठरला.

पुढं पावसाळ्यात चळवळ जंगलाकडं वळली. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून अटक करून घेतली. मीठ काय, गवत काय, दोन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या. म्हणूनच त्या लोकांना लवकर कळल्या असाव्यात. त्या काळात वऱ्हाडच्या चळवळीत पुढं असलेले अमरावतीचे वीर वामनराव जोशी स्वतः नाटककार होते, 'रणदुंदुभी' त्यांचंच. तेव्हा नाटक अन् चळवळ यांचं नातं आपल्याकडं जुनं आहे.

गुरुजी म्हणाले, मग मीठ आपल्याच विहिरीचं करू. पारावर विषय निघाला तर एक आबाजी चिडले. "आपल्या गावात काही झालंच नाही, तं नाटक कायले? खोटं कायले दाखवता?" त्यांचं चुकलं नव्हतं. शेवटी ठरलं, नाटकात आपलं गाव सत्याग्रही दाखवायचं नाही. आपलं गाव बघायला गेलेलं दाखवायचं.

आता मिठाचं गणित, कारण हे पेज शेतीचं आहे. पहिल्यांदा पोरांनी वरचंच पाणी काढलं. पावसाचं हलकं पाणी खाऱ्यावर तरंगतं, त्यामुळं हाती काही आलं नाही. दुसऱ्यांदा बादलीला दगड बांधून खोल सोडली. ते पाणी मी तपासून घेतलं, ईसी ३.१ निघाला. ईसीला ६४० नं गुणलं की लिटरमागं अंदाजे मिलिग्रॅम क्षार मिळतात. म्हणजे लिटरला साधारण २ ग्रॅम. वीस लिटर पाणी लग्नातल्या कढईत आदल्या दिवशी दुपारभर आटवलं. तळाशी उरली मळकट पांढरी खपली, जेमतेम एक मूठ.

नाटकात एका पोट्टीनं ती मूठ वर धरली, शिपाई झालेल्या पोरानं तिचा हात धरला. टाळ्या पडल्या. मग तिनं लिहून न दिलेलं काम केलं, बोट लावून ते चाटलं अन् तोंड वाकडं करून म्हणाली, "गुरुजी, हे तं साबनावानी लागते!" लोक हसले.

समोर बसलेली एक म्हातारी मात्र हसली नाही. म्हणाली, "बाई, आमी हेच पेलो. गोडं पानी आनाले दोन कोस जा लागे."

मंडप शांत झाला. मीही.

पोरगी बरोबर होती. ते नुसतं खायचं मीठ नव्हतं, त्यात सोड्याचे क्षारही होते. तेच क्षार काळी जमीन चोपण करतात. निचरा बंद होतो, पाऊस पडला की चिखल अन् उघडला की भेगा. माझ्या वडिलांनी हौसेनं बोअर मारून दोन एकर हरभऱ्याला हेच पाणी चार वर्षं दिलं. त्या तुकड्याचा सामू ८.९ वर गेला. जिप्सम टाकून, चर काढून अन् शेततळ्याचं गोडं पाणी देऊन मी तो अजून सुधारतोच आहे. म्हणजे जे म्हातारीनं प्यायलं, तेच आम्ही जमिनीला पाजलं. तरी तिची साक्ष देणारी विहीर बुजवायला सही करून बसलो होतो.

त्याच दिवशीच्या ग्रामसभेत मी उठून सही मागं घेतली. विषय २ ऑक्टोबरच्या सभेवर ढकलला आहे. काय होईल ते तेव्हा कळेल, विरोध करणारे आहेत अन् जागेची अडचणही खरी आहे. माझी मागणी एवढीच: गाळ काढा, वरून लोखंडी जाळी टाका, अन् वर्षातून दोनदा, मे अन् ऑक्टोबरमध्ये, पाण्याची पातळी अन् ईसी मोजून पंचायतीच्या भिंतीवर लिहा. आकडे मोजायचं काम शाळेची पोरं करतील, त्यांनी कबूल केलं आहे.

पट्ट्यातल्या मंडळींनी आपल्या गावच्या जुन्या विहिरीचा ईसी किती ते खाली लिहावं. तपासला नसेल तर रब्बीचं पहिलं पाणी देण्याआधी तपासून घ्या. अन् घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर पूर्वी गोडं पाणी कुठून आणायचे, तेही विचारून ठेवा.