मशीन घेऊन कारंज्यात

वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीच्या बाजूची एक बोडकी टेकडी. खांद्यावर कुदळ, हातात मेटल डिटेक्टर, कानांवर हेडफोन. मशीनची चकती तुम्ही जमिनीलगत फिरवता आणि ते बोंबलायला लागतं. खणता, तर काळा दगड. दोन पावलं सरकून पुन्हा आवाज, पुन्हा दगडच. खालून शेळ्या नेणारा म्हातारा विचारतो, "काय भाऊ, लागलं का काई?"

लागणार कुठून? या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं, लोहाचं चुंबकी खनिज. मशीन त्यालाच फसतं. जमिनीच्या जातीप्रमाणे ते जुळवून घेतलं की गोंगाट कमी होतो. मग उरतात खिळे, बैलाच्या नाला आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं. पाकिटाचा अॅल्युमिनियमचा पत्रा आणि सोन्याचा बारीक दागिना मशीनला जवळजवळ एकाच सुरात ऐकू येतात, त्यामुळे कचरा वगळायला जावं तर सोनंही वगळलं जातं.

मशीन बंद करू नका. तसेच काळात मागे चला.

साडेसहा कोटी वर्षांहून थोडं अधिक मागे गेलात, तर पाय टेकायलाही जागा नाही. जमीन फाटून लाव्हा वाहतोय, थिजतोय, त्यावर पुन्हा नवा थर. आजची टेकडी म्हणजे हेच थर. सोनं सहसा फार जुन्या खडकांच्या भेगांत, गारगोटीच्या शिरांमध्ये सापडतं. तसे खडक इथे असलेच, तर ते या लाव्ह्याच्या तळाशी गाडलेले. पूर्वेकडे ते उघडे पडले आहेत, म्हणून नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे सोनझरी बालाघाट-चांद्याकडचे. रसेल आणि हिरालाल यांच्या जाती-जमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात त्यांची नोंद आहे. वाशीमच्या टेकड्यांना निसर्गाने सोनं दिलं नाही. इथे जे आलं ते माणसांनी आणलं.

आता पुढे या. चौथं शतक सरत आलंय, गावाचं नाव वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम, राजा वाकाटक घराण्यातला दुसरा विंध्यशक्ती. त्याच्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी एक कारागीर तांब्याच्या पत्र्यावर दानाची अक्षरं कोरतोय. सुरुवात संस्कृतात, पुढचा मजकूर प्राकृतात. तुमचं मशीन उंच, स्वच्छ सुरात वाजतं. तांब्याचा सूर तसाच असतो. सोनं शोधणारा असल्या सुराकडे फार आशेने बघत नाही. पण हे पत्रे १९३९ मध्ये उजेडात आले, तेव्हा कुठे वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासाला कळली. माझ्या मते या जिल्ह्यातून मिळालेला सगळ्यात मोलाचा धातू हाच.

सोनंच बघायचंय ना? मग कारंज्याला चला. १६७० चा हिवाळा आहे, मुघलांचा वऱ्हाड सुभा. बाजारात शिरलात की हेडफोन काढावे लागतात, इतकं मशीन किंचाळतं. कापडाचे गठ्ठे, रुप्याची नाणी, सावकारांच्या पेढ्या. याच गावातल्या एका सावकाराने उंटांवरून आलेली कस्तुरी एकदम विकत घेऊन हवेलीच्या गाऱ्यात कालवली, अशी दंतकथा कारंज्यात आजही सांगतात. खरं-खोटं कस्तुरीलाच ठाऊक. पण अशी गोष्ट गरीब गावाबद्दल कुणी रचत नाही.

तेवढ्यात टापा ऐकू येतात. ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटणारं शिवाजी महाराजांचं सैन्य खानदेशातून वऱ्हाडात उतरलंय. गावात धांदल उडते. सावकार पकडले जातात, खंडणीच्या रकमा ठरतात. डोईवरून पदर ओढलेली एक बाई तुमच्या अंगावरून घाईने पुढे जाते. चाल मात्र बाईची नाही. गावातला सगळ्यात बडा सावकार बाईच्या वेशात निसटला, असं इतिहासकार जदुनाथ सरकारांनी लिहिलंय. तुम्ही तोंड मिटून ठेवा. त्यांच्याच हिशेबाने सुमारे एक कोटी रुपयांचं उंची कापड, चांदी आणि सोनं चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून गेलं. रांग संपता संपत नाही. शेवटचं गाढव वेशीबाहेर पडलं की मशीन गप्प होतं.

एखाद्या घरामागे ते बारीक कुरकुरेल. सुरतेची बातमी व्यापाऱ्यांच्या तोंडून आधीच इथे आली असणार, आणि बातमी ऐकून कुणी शहाण्याने जात्याखाली लोटा पुरला असणार. पण पेवाच्या तळाशी ठेवलेली चार नाणी तुमच्या मशीनला ऐकूही येणार नाहीत. सुटं नाणं वीतभराहून फारसं खोल त्याला कळत नाही. पुरणारा काही न सांगता गेला, की मागे उरते अफवा.

त्या अफवेवर आजही लोक रात्री पहार घेऊन निघतात. कुणी पायाळू माणूस शोधतं, कुणी लिंबू-कुंकवाचा भोंदू. त्यांच्यापेक्षा मशीनवाला बरा, निदान तो दगडावर फसतो, माणसाचा जीव मागत नाही. गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्यं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवली आहेत.

आणि खरोखर हंडा लागलाच तर? १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं, की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. त्याला कुणी धनी निघाला नाही आणि सरकारने ते मोल देऊन स्वतः घेतलं नाही, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक हिस्सा जागेच्या मालकाला. लपवलंत तर हिस्साही जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून काही लागलं तर कुदळ तिथेच थांबवा, माती हलवू नका आणि थेट कलेक्टर कचेरी गाठा.